कोटेशन काकाजी

जवाहरनगरात कोणाला कूलर घ्यायचा असला, गच्चीला डांबर मारायचं असलं किंवा मुलीसाठी स्थळ बघायचं असलं, तर तो एकतर कोटेशन काकाजींना विचारतो, नाहीतर त्यांना कळू न देता काम उरकून टाकतो. मधली वाट नाही. विषय एकदा काकाजींच्या कानावर गेला की त्याची फाइल उघडते, फाइलला नंबर पडतो आणि ती बंद होईपर्यंत तुम्हाला कूलर मिळत नाही. आमच्या मागच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी एप्रिलात कूलरचा विषय काढला होता. काकाजींनी त्यांना जाड पत्र्याचा, उत्तम पंपाचा कूलर अतिशय रास्त भावात मिळवून दिला. तेव्हा वैनगंगेला पूर होता.

काकाजींची सारी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या परचेस सेक्शनमध्ये झाली. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना ठाणा पेट्रोलपंपाच्या थांब्यावर उतरलं की आमची वसाहत. रस्ते सरळ, झाडं मोठी, क्वार्टरं एकाच साच्यातली आणि दिवसाचे तुकडे शिफ्टच्या भोंग्याने पाडलेले. फॅक्टरीत स्फोटकं बनतात, म्हणून आत जाणाऱ्याच्या खिशातली काडेपेटीसुद्धा गेटवर राहते. 1 ऑक्टोबर 2021 ला सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडलं, देशभरातल्या 41 कारखान्यांच्या 7 कंपन्या केल्या आणि आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. काकाजी त्याआधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे ही बातमी त्यांनी मनावर घेतली नाही. मुलगा फॅक्टरीतच आहे, त्याच्या क्वार्टरमध्ये राहतात, आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी टेबलावर मंडळाचं कामकाज अजून चालू आहे.

सकाळी दूध आणायला निघाले तरी शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात, निळं आणि लाल. निळ्याने लिहायचं, लालने खोडायचं. बोलणं झाडीपट्टीचं, पण दर चौथा शब्द ऑफिसचा. घरात भाजीला मीठ कमी पडलं तर काकूंना "आळणी झाली" असं म्हणत नाहीत. "डिव्हिएशन आहे" म्हणतात. काकूही कमी नाहीत. "स्वीकारा नाहीतर रिजेक्शन मेमो द्या," म्हणतात आणि मिठाची वाटी पुढे सरकवत नाहीत.

तर जून 2024 ची गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्याच्या पूजा तोमरने अमेरिकेत लुईव्हिलला मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, यूएफसी या स्पर्धेत लढत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. कॉलनीतल्या केंद्रीय विद्यालयात सातवीत शिकणारी काकाजींची नात ते मोबाइलवर दिवसभर पुन्हा पुन्हा पाहत होती. रात्री जेवताना म्हणाली, "आबाजी, मले एमएमए शिकाचं आहे."

दुसऱ्या कोणत्याही घरात यावर "पोरीच्या जातीला हे काय" पासून "हातपाय मोडून घेशील" पर्यंत सगळं झालं असतं. काकाजींच्या मनाला यातलं काही शिवलं नाही. ते म्हणाले, "इंडेंट लिहून दे. तोंडी इंडेंटवर आपण साधी टाचणी नाही घेतली कधी."

पोरगी हुशार. वहीचं पान फाडून तिने मागणीपत्र लिहिलं: ठोसे, लाथा, गुडघा, उचलून आपटणे, जमिनीवर लॉक लावणे, गळा आवळणे. काकाजींनी चष्मा पुसून वाचलं आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली. "हे गळा आवळणं एसेन्शियल आहे का डिझायरेबल?"

"एसेन्शियल, आबाजी."

"मंग तसं लिही."

काकाजी विषयाच्या मुळाशी जातात, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगतो. ज्याला दर विचारायचा ती वस्तू काय आहे, हे कळल्याशिवाय ते दुकानाची पायरी चढत नाहीत. चार-पाच संध्याकाळी नातीला शेजारी बसवून त्यांनी या खेळाचा इतिहास समजून घेतला. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी झाली. मुष्टियुद्ध, कराटे, सुमो, कुस्ती, किकबॉक्सिंग असल्या वेगवेगळ्या विद्यांचे आठ जण उतरले. प्रश्न एकच, यातली कोणती विद्या कामाची? ब्राझीलचा रॉयस ग्रेसी दिसायला किडकिडीत, अंगात पांढरा झगा. त्याने एका रात्रीत आपल्याहून दांडगे तिघे जमिनीवर नेऊन जेरीस आणले. हे ऐकून काकाजी खुर्चीतून उठले. त्यांना एवढं हललेलं मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

"अरे, हे तं ओपन टेंडर आहे! आठ बिडर, एकाच रात्री टेक्निकल इव्हॅल्युएशन, निकाल जाहीर. आमच्याकडं याले दीड वर्ष लागत होतं."

मात्र त्या पहिल्या स्पर्धेत नियम जवळपास नव्हतेच, वजनाचे गट नव्हते, आणि पुढची सात-आठ वर्षं गेल्यावर एकसारखी नियमावली आली, हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. "स्पेसिफिकेशन मागून आलं. ऑडिट पॅरा होते याच्यात."

इतिहास झाला, आता बाजार. काकाजींनी तीन ठिकाणांची नोंद केली. मी त्यांची नावं सांगत नाही. तिघांनीही बरंच सोसलं आहे.

पहिलं आमच्या कॉलनीतलंच. मैदानावर संध्याकाळी कराटे शिकवणाऱ्या सरांनी फलकावर 'कराटे' च्या शेजारी त्याच रंगाने 'एमएमए' रंगवून घेतलं होतं. दुसरं भंडाऱ्यात, एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर: आरसे, निळे दिवे, भिंतीवर जबडा आवळलेल्या परदेशी माणसांची चित्रं. तिसरं नागपुरात, पारडी ओलांडून बरंच आत.

काकाजींनी तिघांना लेखी पत्र दिलं. विषय, संदर्भ, तांत्रिक बोली वेगळ्या लिफाफ्यात, दरबोली वेगळ्या लिफाफ्यात. कराटेचे सर गरीब स्वभावाचे. त्यांना वाटलं फॅक्टरीतून कारवाई आली. ते रात्री नऊला क्वार्टरवर येऊन पाया पडले.

मग काकाजी प्रत्यक्ष पाहणीला निघाले. मी सोबत होतो, कारण मोटरसायकल माझी होती.

भंडाऱ्याच्या वर्गात शिरल्याबरोबर त्यांनी आरशांकडे आणि दिव्यांकडे पाहिलंही नाही. वाकून मॅटचा कोपरा उचलला आणि हुंगला. प्रशिक्षक बघतच राहिला. "मॅट कवा पुसता?" काकाजींनी विचारलं. आठवड्यातून एकदा, असं उत्तर आलं. "आणि घाम रोज. पोरायले गजकर्ण झालं तं औषध तुम्ही देता का आम्ही?" हा प्रश्न मला तेव्हा चावटपणाचा वाटला. पण ज्या खेळात माणसं तासभर एकमेकांच्या अंगावर लोळतात, तिथे कातडीचे रोग हाच नेहमीचा त्रास, मॅट रोज धुणं हीच चांगल्या वर्गाची पहिली खूण, असं पुढे मला त्या क्षेत्रातल्या माणसांनीच सांगितलं.

नंतर भिंतीवरची प्रमाणपत्रं. काकाजी ती इन्स्पेक्शन नोट वाचल्यासारखी वाचतात. आधी तारीख, मग शिक्का, मग सहीखालचं पदनाम, मजकूर सर्वांत शेवटी. सोनेरी चौकटीतलं सर्वांत मोठं प्रमाणपत्र 'सहभागा'चं निघालं. त्याच्या शेजारी एका सिनेनटासोबत काढलेला फोटो होता.

"हे कोण आहेत तुमचे?"

"ते... इव्हेंटला आले होते, काकाजी."

"म्हणजे तेही सहभागीच."

सर्वांत मजा पट्ट्यांची झाली. प्रशिक्षकाने उत्साहाने सांगितलं, दर तीन महिन्यांनी परीक्षा, पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्यापर्यंत, परीक्षेची फी वेगळी, पट्ट्याची वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी. सोबत आलेल्या नातीने माझ्या कानात सांगितलं की कराटेत पट्टे असतात, जुजुत्सूत असतात, पण जुजुत्सूत काळा पट्टा मिळायला दहा-दहा वर्षं जातात. एमएमएला स्वतःचे असे पट्टे नसतातच. मी ते काकाजींना सांगितलं नाही. गरज पडली नाही.

"यूएफसीत पट्टा असते," काकाजी शांतपणे म्हणाले, "पण तो एका वजनगटात एकाच माणसाच्या कमरेले असते. तुमच्या इथं तं वर्षाले चार-चार. एवढे चॅम्पियन भंडाऱ्यात राह्यतात आणि आमाले पत्ता नाही?"

प्रशिक्षक पंचवीस-सव्वीस वर्षांचा, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने कॉलर सैल केली. पुढे पाऊण तास चालला तो सामना मी पाहिलेल्या कोणत्याही लढतीपेक्षा चांगला होता. काकाजी आधी लांबून दोन-चार प्रश्न टाकून अंदाज घेतात. मग जवळ येऊन धरतात. वेळापत्रक दाखवा, एका सरांमागे पोरं किती ते दाखवा, सर उशिरा आले तर दर आठवड्याला अर्धा टक्का कापू का ते सांगा. आणि माणूस दमला की त्याला फीवर नेतात, तिथून सुटका नाही. शेवटी तो पोरगा टेबलावर दोनदा हात आपटून म्हणाला, "काकाजी, तुम्ही म्हणाल तो रेट." या खेळात हात आपटणं म्हणजे शरणागती. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं असतं. काकाजींनी सोडलं नाही; "रेट मंग, आधी रिफंडचं सांगा," म्हणाले.

रिफंडवर ते फार कडक आहेत, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा. वर्षाची फी एकरकमी घ्यायची, पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' असं छापायचं, आणि पोराचा पाय मुरगळला की तिकडे बोट दाखवायचं, ही रीत जिमपासून इंग्लिश स्पीकिंगपर्यंत सगळीकडे आहे. काकाजींनी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची प्रत झेरॉक्स करून आणली होती. एकतर्फी करार अन्याय्य ठरू शकतो, तक्रारीला 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, हे त्यांनी त्या पोराला बाजूला बसवून समजावलं, रागावून नव्हे, नवीन लागलेल्या क्लार्कला समजावतात तसं. त्याने चहा मागवला.

नागपूरच्या वर्गाने तांत्रिक बोली जिंकली. तिथे बॉक्सिंगचा वेगळा माणूस, कुस्तीचा वेगळा, जमिनीवरच्या डावांचा वेगळा. नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणाच्या तोंडी देत नव्हते, पडायचं कसं ते शिकवत होते. हात आपटला की खरंच सोडत होते. काकाजींनी कोपऱ्यात घड्याळ लावून पाहिलं. तिथले व्यवस्थापक बोलता बोलता म्हणाले, "आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 ला पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण आणलं."

"ते तुमच्याकडं शिकली का?"

"नाही, पण नागपूरचीच ना."

"नागपूरची संत्री बी आहे. त्याची फी घेता का?"

पण नागपूरची दरबोली उघडल्यावर काकाजींनी लँडेड कॉस्ट काढली. एसटीचं भाडं, पारडीहून पुढचा ऑटो, येताना पोरगी भुकेजली म्हणून तर्री-पोहा, घरी पोचायला रात्रीचे दहा, दुसऱ्या दिवशी शाळेत पेंग. पेंगेला त्यांनी रुपयांत किंमत लावली. ती कशी काढली ते मला समजलं नाही, पण दोन दशांश स्थळांपर्यंत होती. शिवाय त्या वर्गाची फी 'महिन्याची' नव्हती, 'चार आठवड्यांची' होती. माझ्या हे ध्यानातच आलं नसतं. काकाजींनी लाल पेन काढलं: महिना धरला तर वर्षाला बारा हप्ते, चार आठवडे धरले तर तेरा. दीड हजाराच्या हिशेबाने 18,000 च्या जागी 19,500. "हे दीड हजार कोणाले दिसत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद पसरला की मला वाटलं, हे दीड हजार सापडण्यासाठी त्यांनी तीन हजार आनंदाने खर्च केले असते. पेट्रोल धरलं तर केलेच होते. माझे.

एवढं वाचून कोणाला वाटेल की काकाजींना पैशापलीकडे काही दिसत नव्हतं. तसं नाही. त्यांच्या प्रश्नावलीत पहिल्या नंबरला फी नव्हती. पहिला प्रश्न होता: लागलं तर काय? डॉक्टर किती अंतरावर, गाडी कोणाची, फोन कोण करणार, प्रथमोपचार कोणाला येतो, पेटी कुठे आहे, उघडून दाखवा. सुरुवातीला हा प्रश्न सातव्या नंबरला होता. 24 जानेवारी 2025 ला आमच्या फॅक्टरीत स्फोट झाला, आठ माणसं गेली. त्या दिवशी वसाहतीत प्रत्येक घराच्या दारात बाया उभ्या होत्या. काकाजींचा मुलगा दुसऱ्या शिफ्टचा होता. पुढचे बरेच दिवस त्यांनी फाइल उघडली नाही, कोणाचीच. जेव्हा उघडली तेव्हा नवा कागद घेऊन सगळे प्रश्न पुन्हा लिहून काढले आणि सातवा पहिला केला. त्यांच्या बाकी सगळ्या प्रश्नांची कॉलनीत नक्कल होते, चहाच्या टपरीवर तर पोरं त्यांच्या आवाजात मॅट हुंगतात; या प्रश्नाची कोणी करत नाही.

पाहणी चालू असताना पोरगी काय करत होती, हा भाग राहिलाच. प्रत्येक वर्ग नव्या माणसाला एक-दोन दिवस फुकट शिकू देतो. काकाजी 'सँपल टेस्टिंग' शिवाय पुढे जात नाहीत, आणि एका सँपलवर निर्णय घेत नाहीत. त्यामुळे ती भंडाऱ्यात फुकट सरळ ठोसा शिकली, कॉलनीत फुकट लाथ, नागपुरात फुकट पडणं आणि उठणं. शंका राहिली म्हणून काकाजींनी पुन्हा पाठवलं. दुसऱ्या प्रशिक्षकाचा वार आहे म्हणून पुन्हा. परीक्षा झाल्यावर पुन्हा, उन्हाळ्यात गरमी कितपत होते ते बघायला पुन्हा. एक दिवस नागपूरच्या सरांनी तिचा खांदा पाडण्याचा डाव बघून कौतुकाने विचारलं, "बेटा, आधी कोणत्या क्लासला होतीस?" ती म्हणाली, "ट्रायलला."

निरनिराळ्या विद्या निरनिराळ्या गुरूंकडून थोड्या थोड्या उचलून त्यांचं मिश्रण करणं, हेच या खेळाचं तत्त्व असेल, तर भंडारा जिल्ह्यात त्याचं सर्वांत शुद्ध पालन काकाजींच्या घरात झालं, आणि तेही विनाशुल्क.

चौकशी इतकी लांबली की मधल्या काळात कराचा दर बदलला. 22 सप्टेंबर 2025 पासून जिम आणि फिटनेसच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. काकाजी पेपर घेऊन सकाळी सहाला माझ्या दारात. "पाहा! घाई केली असती तं तेरा टक्के गेले होते." अर्थमंत्र्यांनी हा निर्णय त्यांच्या फाइलकडे बघूनच घेतला, असं त्यांचं जवळजवळ मत होतं. लगेच भंडाऱ्याला निघालो. फर्निचरवरच्या वर्गात काकाजींनी सुधारित कोटेशन मागितलं. त्या पोराने चाचरत कबूल केलं की त्याचा जीएसटी नंबरच नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, त्यामुळे नोंदणीची गरज नाही.

"मंग आतापर्यंत कोटेशनात 18 टक्के लावून राहिले होते, ते कोणाच्या खिशात जाणार होते?"

त्या वर्गाच्या नावापुढे काकाजींनी लाल पेनने आडवी रेघ मारली. त्या रेघेचा आवाज मला अजून आठवतो.

आता तुलनात्मक तक्त्याची स्थिती अशी झाली: कॉलनीचे कराटे सर सर्वांत स्वस्त, म्हणजे एल-वन, पण मॅट नाही, कुस्ती नाही, म्हणून तांत्रिकदृष्ट्या अपात्र. भंडारा काळ्या यादीत. नागपूर पात्र, पण लँडेड कॉस्टने मेलेलं. काकाजींनी तक्ता तीन दिवस पुढ्यात ठेवला आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं, "री-टेंडर."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. हाताला कणीक होती. तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून सरकारी वित्तीय नियम (जीएफआर) ऐकत गेलेल्या या बाईने एकदाही ऑफिस पाहिलं नाही, पण पाठांतर पक्कं. म्हणाल्या, "2017 च्या जीएफआरमध्ये नियम 154 काय आहे जी? ठरावीक रकमेच्या आतलं विनाकोटेशन घेता येते. अधिकाऱ्यानं फक्त लिहून द्याचं, मी स्वतः बघितलं, माल बरा आहे, भाव बरा आहे, दुकानदार भरवशाचा आहे."

काकाजी क्षणभर गप्प झाले. मग सावरले. "तो नियम वस्तूले आहे. प्रशिक्षण ही सेवा आहे. सेवेचं प्रकरण वेगळं."

"बरं," काकू म्हणाल्या. "मंग मी सेवेले जातो." विदर्भात बायाही 'जातो' म्हणतात, आणि अशा वेळी ते फार शोभतं.

दुसऱ्या दिवशी काकू नातीला घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेल्या. काकाजींच्या यादीत नसलेल्या एका वर्गात. जुन्या राइस मिलच्या आवारातला पत्र्याचा हॉल, आरसा नाही, निळा दिवा नाही. हा वर्ग यादीत का नव्हता? तिथल्या सरांनी यादी होण्याआधीच आलेलं काकाजींचं पत्र वाचून "मी कोटेशन देत नाही, पोरीला घेऊन या" असं सांगितलं होतं. काकाजींनी 'नॉन-रिस्पॉन्सिव्ह' असा शेरा मारून त्यांना बाद केलं होतं. काकूंनी तिथे गेल्यावर सरांना काहीच विचारलं नाही. बाहेर बाकावर आपल्या पोरींची वाट बघत बसलेल्या बायांमध्ये जाऊन बसल्या. दहा मिनिटांत त्यांना कळलं: सर कधी चिडतात, पोरींना हात लावून शिकवताना कोण सोबत असतं, मागच्या वर्षी कोणाचं मनगट दुखावलं आणि तेव्हा सर स्वतः दवाखान्यात किती वाजेपर्यंत बसले, आणि एका पोरीच्या बापाची नोकरी सुटली तेव्हा तीन महिने फीचा विषय कसा निघाला नाही. सर पहिले सहा महिने फक्त कुस्ती आणि पडणं शिकवतात, लढतीचं नाव काढू देत नाहीत, हेही कळलं. काकूंनी ब्लाउजमधून पाकीट काढलं, तीन महिन्यांचे पैसे दिले आणि येताना गांधी चौकातून जिलेबी आणली.

काकाजींनी जिलेबी खाल्ली, पावती मागितली. पावती होती. अक्षरी रक्कम होती, तारीख होती, सही होती. त्यांनी ती दोनदा उलटून पाहिली. तळाशी बारीक अक्षरांत काहीही नव्हतं. याचाच त्यांना जास्त संशय आला. आठवडाभर ते मुकाट्याने बसले, मग एका संध्याकाळी मला म्हणाले, "मोटरसायकल काढता का? पोस्ट-डिलिव्हरी इन्स्पेक्शन."

हॉलमध्ये गेले, मॅटचा कोपरा उचलला. फिनाइलचा वास आला. प्रथमोपचाराची पेटी विचारली. एका पोरीने धावत जाऊन आणून उघडून दाखवली. काकाजी खुर्चीवर बसले आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. नात समोर आपल्यापेक्षा थोराड पोरीच्या कमरेला मिठी घालून तिला खाली आणत होती. तिसऱ्यांदा जमलं. काकाजींनी खिशातलं निळं पेन काढलं, पण लिहायला कागद नव्हता, म्हणून परत ठेवलं. जाताना सरांना म्हणाले, "आमच्या शेतात चिन्नोर होते. कट्टाभर पाठवतो. फीत धरू नका." मी त्यांना कोणतीही गोष्ट 'फीत धरू नका' म्हणताना पहिल्यांदा ऐकलं.

माणूस बदलला, असं मात्र समजू नका. परवा सरांनी नातीला मुलींच्या हौशी स्पर्धेत उतरवायचं म्हटलं. ती आता तेरा वर्षांची. आंतरराष्ट्रीय हौशी महासंघाच्या नियमांत या वयाच्या मुलांना डोक्यावर मारायला मनाई आहे, वजन करायचं, डॉक्टर बघणार, हे सगळं सरांनी आधीच लिहून पाठवलं होतं, कारण आता तेही काकाजींना ओळखतात. प्रवेश फी पाचशे रुपये. काकाजींनी फाइल उघडली आणि अडचणीत सापडले. स्पर्धा एकच, भरवणारी संस्था एकच, दुसरं कोटेशन आणायचं कुठून?

"सिंगल टेंडर आहे," ते मला चिंतेने म्हणाले. "याले पीएसी लागते. प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट. ही वस्तू दुसरीकडं मिळतच नाही असं कोणीतरी सक्षम अधिकाऱ्यानं लिहून द्याचं असते."

मग स्वतःच लिहिलं. मागणी करणारा म्हणून सही केली, खुर्ची बदलून खरेदी अधिकारी म्हणून केली, चष्मा काढून सक्षम अधिकारी म्हणून केली. राहिली फक्त वित्त विभागाची सहमती. घरात वित्त म्हणजे काकू. फाइल स्वयंपाकघरात गेली. काकूंनी पहिलं पान वाचलं, पोळपाट बाजूला केला आणि वर शेरा मारला: 'पाचशे रुपयांचा दर वाजवी असल्याचा पुरावा जोडलेला नाही. पुरावा जोडून फेरसादर करावे.'

फाइल परत लोखंडी टेबलावर आली आहे. काकाजी पुरावा शोधत आहेत, नोंदणी शनिवारी बंद होते, आणि पोरीने प्रवेश फी माझ्याकडून उसनी घेऊन कालच भरली आहे.